आरसीसीबी सारखा पडतोय? काढून टाकू नका! घरच्या वायरिंगमधल्या नेहमीच्या चुका

मिरगाचा पाऊस लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वायरमनना एकच फोन सुरू होतो: "आरसीसीबी टिकत नाही, सारखा पडतोय." आरसीसीबी म्हणजे करंटची गळती झाली की आपोआप पडून घरची लाईट तोडणारा स्विच. घाईतला उपाय ठरलेला असतो. आरसीसीबीच्या दोन्ही वायरी काढायच्या आणि मेन स्विचमधून थेट पुढे जोडायच्या. लाईट आली, मोटार चालली, घरचे खूश. घरातल्या पोराबाळांना शॉकपासून वाचवणारी एकच वस्तू होती, ती आता डब्यात नुसती बसून आहे. ही चूक इतक्या घरांत दिसते की आधी तिच्याबद्दलच नीट सांगायला हवं.

आरसीसीबी एवढंच बघतो: फेजमधून जेवढा करंट आत गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? 30 मिलिअँपचा असेल तर तेवढी तफावत व्हायच्या आत तो पडतो. जास्त लोडशी त्याचा संबंध नाही, ते काम एमसीबीचं, म्हणजे डब्यातल्या एकेका सर्किटच्या छोट्या स्विचचं. म्हणून दोन्ही लागतात आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

बेळगावच्या वडगावातलं एक घर घ्या. पुढे राहतं घर, मागे यंत्रमाग. मागांना वेगळं मीटर. सकाळी गिझर लावला की घरचा आरसीसीबी पडायचा, एरवी दिवसभर काही नाही. साहजिकच सगळा संशय गिझरवर. एलिमेंट दोनदा बदलला, मग गिझरच नवा आणला, तरी तेच. शेवटी "आरसीसीबीच खराब आहे" असं ठरवून तो काढायची तयारी झाली. खरा दोष निघाला फाटकावरच्या दिव्यात. कंपाउंडच्या भिंतीतल्या बॉक्समध्ये पाणी उतरलं होतं, न्यूट्रलच्या जोडावरची टेप सुटली होती आणि उघडी तार अर्थच्या वायरीला टेकली होती. दिवा बंद, त्याचा एमसीबीसुद्धा बंद, तरी आरसीसीबी पडतच होता.

कारण साधं आहे. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. गिझर 2000 वॉटचा, म्हणजे जवळजवळ 8.7 अँप. एवढा करंट परत जाताना न्यूट्रलवर दोनेक व्होल्ट उभे राहतात. फाटकाजवळून जमिनीत जाणाऱ्या वाटेचा रोध 50 ओहम धरला, तर 2 भागिले 50 म्हणजे 40 मिलिअँप तिकडून निसटतात. तेवढ्यात आरसीसीबी पडतो. एकटा टीव्ही किंवा पंखा चालू असताना न्यूट्रलवर व्होल्ट उभेच राहत नाहीत, म्हणून दिवसभर सगळं ठीक. गिझरचा दोष एवढाच की घरातला सगळ्यात मोठा लोड तोच होता.

शोधायची पद्धत अशी. सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्यावर पडेल त्या सर्किटचे सगळे प्लग काढून पुन्हा बघा. सगळे एमसीबी खाली असतानाही पडत असेल, किंवा कुठलाही मोठा लोड लावला की पडत असेल, तर दोष न्यूट्रलकडे आहे. मग मेन बंद करा आणि करंट नाही याची मल्टिमीटरने खात्री करा. न्यूट्रल लिंकवरून, म्हणजे सगळे न्यूट्रल जिथे एकत्र येतात त्या पट्टीवरून, एकेका सर्किटची काळी (न्यूट्रलची) वायर काढा. ती काढल्यावर त्या सर्किटचा एमसीबी खालीच ठेवायचा, आणि झाकण लावूनच मेन चालू करून बघायचं. कुठली वायर काढल्यावर टिकतो, तिथे दोष. तास-दीड तास लागतो. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी डब्याला हात लावू नये, परवानाधारक वायरमनला बोलवावं. त्यालाही आधीच बजावून ठेवा: काढायचा नाही, शोधायचं.

महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबा. अमावास्येला देवघर घासायला काढता, त्याच दिवशी हेही करून टाकावं, म्हणजे विसरत नाही. बटण दाबूनही पडला नाही तर तो बदला. कर्नाटकच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळे 2023 पासून ज्यांचं बिल शून्य येतं, त्यांनी तर हे टाळूच नये. फेजची गळती असली की पूर्वी निदान बिल फुगायचं आणि माणूस चौकशी करायचा. आता तीही खूण गेली.

दुसरी चूक याहून वाईट. घरात अर्थिंग नाही, म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून वायरीचा एक बोटभर तुकडा अर्थच्या पिनेला जोडायचा. टेस्टर लावला तर सगळं बरोबर दिसतं. मग वादळी पावसात खांबावरचा न्यूट्रल सुटतो. घरात एखादा बल्ब चालू असतो. फेज त्या बल्बमधून न्यूट्रलवर येते, पुढे वाट नाही, म्हणून त्या तुकड्यातून फ्रीजच्या दारावर, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर जाऊन बसते. ओल्या पायांनी दार उघडणाऱ्या बाईला काय होईल ते सांगायला नको. आणि आरसीसीबीच्या पुढे असा तुकडा असला आणि यंत्राचा पत्रा नळाला किंवा ओल्या जमिनीला टेकला, की आरसीसीबी पडू शकतो, म्हणून हे उद्योग करणारा आधी आरसीसीबी काढतो. दोन्ही चुका एकाच घरात का सापडतात ते यावरून कळेल.

तपासायचं असेल तर गिझर चालू ठेवून त्याच डब्यावरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट बघा. थोडे, एक ते तीन, यायला हवेत. एवढा लोड असूनही अगदी शून्य आले तर सॉकेट खोलून तो तुकडा शोधा. फेज आणि अर्थमध्ये 230 च्या आसपास यायला हवेत. निऑन टेस्टरवर विसंबू नका. तो शेजारच्या वायरीच्या प्रभावानेही उजळतो आणि अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही.

अर्थिंग करताना जमीन बघा. नेहमीचा 40 मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात चांगला काम देतो, पण उन्हाळ्यात त्या मातीला भेगा पडतात आणि पाइप सुटा होतो. मार्च ते मे आठवड्याला दोन घागरी पाणी घाला. खानापूर, जांबोटीकडे जांभा दगड लागतो. तिथे नुसतं भोक पाडून पाइप ठोकू नका. खड्डा रुंद घ्या, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) किंवा चाळलेली माती भरा. एकाने भागलं नाही तर दुसरा पाइप निदान अडीच मीटर अंतरावर घाला. मीठ-कोळशाचा खड्डा चालतो, पण मीठ पाइप खातं. नळाच्या पाइपला अर्थ जोडणं तर बंदच करा, मध्ये पीव्हीसीचा एक तुकडा आला की सगळं संपलं.

आता बाकीच्या.

एमसीबी पडतो म्हणून मोठा टाकणे. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीला 10 अँप, अडीचला 16 किंवा फार तर 20. अडीचवर 32 टाकला तर वायर वितळेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. एक एचपीची मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून बी प्रकारचा, लवकर पडणारा एमसीबी पडतो. त्याच अँपचा सी प्रकारचा, सुरुवातीचा झटका सोसणारा घ्या, काम झालं.

थ्री-फेज घरात न्यूट्रलवर फ्यूज घालणे. तो उडाला की कमी लोडच्या फेजवर 300 च्या वर व्होल्ट चढतात आणि त्या बाजूचे टीव्ही, चार्जर जळतात. शहापूर-वडगावात माग आणि घर एकाच कनेक्शनवर असेल तर न्यूट्रलचे स्क्रू दर पावसाळ्याआधी मेन बंद करून आवळा.

दिव्याचं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेणे. बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर आधी हे बघा.

इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला मिसळणे. आरसीसीबी पडायचं हे एक फार जुनं कारण आहे.

दोन्हीकडे प्लग लावलेली वायर करून जनरेटरचा करंट सॉकेटमधून घरात घालणे. तो मीटरमधून बाहेर खांबावर जातो आणि वर चढलेल्या लायनमनला मारतो. चेंजओव्हर स्विच (एका वेळी खांबाची लाईट किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणारा) बसवा, नाहीतर अंधारात बसा.

गणपतीच्या माळा. आरासच्या कापडाखाली पिळलेले जोड ठेवू नका, माळा एकाला एक जोडून लांबवू नका, आणि थ्री-पिनची वरची जाड पिन कापून टू-पिनमध्ये घुसवू नका. कापलेली पिन दिसली तर तो प्लगच बदला.