ऑफिसात लिंक उघडते, बाहेर उघडत नाही? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानाची वेबसाइट दुकानातल्याच सर्व्हरवर चालते असं समजा. हळदीच्या सौद्यांचे दर काउंटरवरच्या कॉम्प्युटरला नीट दिसतात. तासगावच्या शेतकऱ्याने मोबाईलवर तीच लिंक दाबली की पान नुसतं फिरत राहतं. लोक लगेच नेटवाल्याला फोन लावतात, पण आधी लिंक कशी लिहिलीय ते बघा.

बहुतेक वेळा लिंकमध्ये सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, घातलेला सापडतो, १९२.१६८.१.१० असा काहीतरी. १९२.१६८ ने, १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखीव आहेत. बाहेरच्या माणसाचा मोबाईल तो पत्ता त्याच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये शोधतो. 'लोकलहोस्ट' लिहिलं असेल तर आणखी वाईट, कारण त्याचा अर्थच 'हेच मशीन'.

साइटच्या आतल्या लिंकमध्ये पत्ता लिहूच नका. '/सौदे/आज' अशी तिरक्या रेघेने सुरुवात करा. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल तर तिचे दोन पत्ते डेटाबेसमध्ये असतात आणि जुन्या लेखांतल्या फोटोंमध्येही पूर्ण पत्ता बसलेला असतो. सेटिंग बदलून फोटोंचे पत्ते बदलत नाहीत. बॅकअप घ्या आणि वर्डप्रेससाठीच्या टूलनेच शोधून बदला. थेट डेटाबेसमध्ये शब्द बदलले तर काही सेटिंग्ज तुटतात.

आता उलटा प्रकार: डोमेन, म्हणजे साइटचं नाव, टाकल्यावर बाहेर उघडतं, दुकानात नाही. इथे डोमेन पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा पत्ता, देतं, मागणी राउटरपर्यंत जाते आणि राउटर ती परत आत वळवत नाही. राउटरमध्ये नॅट लूपबॅकची, म्हणजे अशी मागणी आत वळवायची, सोय असेल तर ती चालू करा. डीएनएस म्हणजे नावावरून आयपी सांगणारी सेवा. माझं मत मात्र स्प्लिट डीएनएसच्या बाजूने आहे: नाव एकच, पण आतल्यांना खासगी आयपी मिळतो आणि बाहेरच्यांना पब्लिक. आतल्या डीएनएसवर अख्खं डोमेन घेतलंत तर मेलच्या नोंदीही तिथे उतरवा, नाहीतर दुकानातला मेल बंद पडेल. मोबाईलवर 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये बाहेरचा सर्व्हर दिलेला असेल तर तो तुमच्या डीएनएसला विचारणारच नाही, हेही ध्यानात ठेवा.

होस्ट्स फाइलमध्ये (कॉम्प्युटरमधली नाव आणि आयपीची यादी) ओळ टाकून वेळ मारून नेऊ नका. तोच लॅपटॉप घरी नेला की साइट बंद.

पोर्ट (सर्व्हरवरच्या सेवेचा दार-क्रमांक) आत-बाहेर सारखाच ठेवा, म्हणजे एकच लिंक दोन्हीकडे चालेल. साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित) आणि आतल्या स्क्रिप्ट एचटीटीपीवर (असुरक्षित) असतील तर ब्राउझर त्या अडवतो. राउटरवर आलेला आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तो नेट कंपनीच्या आतला पत्ता असतो. मग पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरची मागणी राउटरमधून सर्व्हरकडे धाडण्याचा) उपयोग नाही, नेटवाल्याकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पब्लिक आयपी मागून घ्या.

तपासताना मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावर साइट उघडा. दुकानातून आणि बाहेरून 'एनएसलुकअप' (नावाचा आयपी दाखवणारी कमांड) चालवून दोन्ही आयपी ताडून पाहा. तरी अडलं तर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्कच्या टॅबमध्ये जा. लाल ओळीवर क्लिक केलं की लिंक नेमकी कुठल्या पत्त्यावर चाललीय ते दिसतं.