मुंबई-लंडन किती तास? हिशोब करताना या चुका टाळा

तिकिटावर मुंबईहून दुपारी १ ला निघणार आणि लंडनला संध्याकाळी ६ ला पोचणार असं दिसलं की घरात कोणीतरी म्हणतंच, अरे वा, पाच तासात लंडन! नाही हो, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास झाला साडेदहा तासांचा. येताना उलटं करायचं, रात्री ९ ला तिकडून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई, दिसतात साडेचौदा तास पण त्यातून साडेपाच वजा केले की उरतात ९. आणि हे साडेपाच पाठ करून बसू नका, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचारच.

मग जाताना जास्त वेळ का, अंतर तर तेच ना? वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, जाताना तो समोरून येतो आणि येताना मागून ढकलतो.

ऑनलाईन कॅल्क्युलेटरवर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नका. हवाई अंतर साधारण ७,२०० किमी, विमानाचा वेग ताशी ९००, भागाकार केला की ८ तास, झालं यांचं काम. पण तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात रनवेसाठी लाईन, हीथ्रोवर उतरायच्या आधी हवेत मारलेल्या घिरट्या सगळं आलं. शिवाय विमान कॅल्क्युलेटरच्या रेषेवरून जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केली तेव्हा दिल्ली आणि लंडन आपापल्या जागीच होते, तरी प्रवास लांबलाच की.

आकडा मैलात आहे का किलोमीटरमध्ये तेही बघा. ४,४७५ मैल, ३,८९० नॉटिकल मैल (विमान-जहाजांसाठी वापरतात तो, साध्या मैलापेक्षा मोठा) आणि ७,२०० किमी, तिन्ही अंतरं जवळपास एकच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. आमच्या काकांचं तिकीट १५ तारखेचं, रात्री १२:४० चं. १५ ला रात्री जेवून-बिवून, लोणच्याच्या बरण्या बांधून सगळी वरात साडेनऊला एअरपोर्टवर हजर. अहो, १५ तारीख रात्री १२ लाच सुरू होते, म्हणजे निघायचं होतं १४ च्या रात्री! काका काउंटरवर वाद घालत होते तेव्हा त्यांचं विमान लंडनला उतरून दहा-अकरा तास झाले होते.