नवीन माणसाला विकिपीडियावर लिहायला बसवायचं कसं

कोल्हापुरात एखाद्या कॉलेजात नाहीतर लायब्ररीत विकिपीडियाची कार्यशाळा घेणार असाल तर पोरांना आधीच सांगून ठेवा, अकाऊंट घरनंच काढून या. एका वायफायवरनं दिवसाला सहाच नवीन अकाऊंट निघतात, सातव्याला एरर येते आणि मग सगळा वेळ तेच निस्तरण्यात जातो. कोण राहिलंच तर स्वतःच्या मोबाईल डेटावरनं काढू दे. ईमेल मात्र टाकायला लावाच, नाहीतर पासवर्ड विसरला की अकाऊंट गेलं.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाला नवा लेख काढायचा असतो, गावावर, तालमीवर, नाहीतर सरळ आपल्या काकांवर. काढू देऊ नका. बिनसंदर्भाचा लेख उडतो आणि रुसलेला माणूस परत फिरकत नाही. त्यापेक्षा धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियातल्या सरावाच्या पानावर, थोडा वेळ हात साफ करू दे, ठळक कसं करायचं, दुवा कसा द्यायचा, बास. साचेबिचे, म्हणजे लेखात टाकायच्या तयार चौकटी, आत्ता नकोत. मग असलेलाच एखादा लेख उघडून द्या, पन्हाळ्याचा घ्या, रंकाळ्याचा घ्या, आणि शुद्धलेखनाची एखादी चूक दुरुस्त करून बदल सेव्ह करायला लावा. आणि माऊस त्याच्या हातातनं घेऊ नका ओ, कितीही हळू चालला तरी.

खरा वेळ द्यायचा तो एका वाक्याला. समजा कुणी लिहिलं, "लोकराजा शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी अत्यंत महान व क्रांतिकारी निर्णय घेतला." कोल्हापूरकर म्हणून आपण मान डोलवणारच, पण लगेच विचारा, कुठला निर्णय, कधी, किती जागा? शोधता शोधता त्यालाच सापडतं की २६ जुलै १९०२ ला आदेश निघाला आणि संस्थानातल्या नोकऱ्यांत यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. आता हे लिहा आणि पुढं संदर्भ जोडा, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, पान नंबर. विशेषणं गेली म्हणून महाराजांचं काय कमी झालं नाही.

संदर्भ म्हणून व्हॉट्सअॅप फॉरवर्ड चालत नाही, "आमच्या आजोबांनी सांगितलंय" हे पण नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, पोरांना तिकडं न्या, जुनी पुस्तकं बघू दे. माहिती घ्यायची पण वाक्यं आपली लिहायची, पेपरातला उतारा जसाच्या तसा डकवला तर तो प्रताधिकाराचा भंग होतो आणि काढून टाकतात.

फोटोचं पण तसंच. ग्रुपवर आलेला रंकाळ्याचा सूर्यास्त कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यावर, टाकायचा नाही, स्वतः काढलेला टाकायचा, पण त्याआधी स्पष्ट सांगा की लायसन्सच्या अटी पाळून तो कुणीही वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा, आणि दिलेलं लायसन्स नंतर मागं घेता येत नाही.

कार्यशाळेनंतरचा आठवडा जास्त महत्त्वाचा, कारण तेव्हा कुणाचातरी बदल उलटवला जातो आणि तुम्हाला फोन येतो, "सर, माझं पुसलं!" त्याला इतिहास टॅब उघडायला सांगा, तिथं कुणी आणि बऱ्याचदा का उलटवलं ते दिसतं. तोच बदल परत परत टाकत बसायचं नाही, त्या लेखाच्या चर्चा पानावर जाऊन शांतपणे विचारायचं, आणि लिहून झालं की शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकायचे म्हणजे सही आपोआप पडते. मोबाईलवर टिल्डा लवकर सापडत नाही, चिन्हांच्या दुसऱ्या पानावर असतो.