रक्तवाहिन्या: पेपरात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

'धमनी आणि शिरा यांतील फरक लिहा' हा प्रश्न सोपा म्हणून मुलं आधी सोडवतात आणि पहिल्याच ओळीत गुण घालवतात. 'धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त असतं, शिरेत नसतं' ही ती ओळ. आधी दिशा लिहा. हृदयाकडून रक्त बाहेर नेते ती धमनी, हृदयाकडे परत आणते ती शिरा. ऑक्सिजनचा मुद्दा नंतर, तोही अपवादासकट: फुप्फुस धमनीतलं रक्त कमी ऑक्सिजनचं, फुप्फुस शिरांमधलं ऑक्सिजनयुक्त. बाळाच्या नाळेतही हेच दिसतं. दोन धमन्या बाळाचं कमी ऑक्सिजनचं रक्त वारेकडे (प्लासेंटाकडे) नेतात, एकच शिरा ऑक्सिजन घेऊन येते.

आकृतीत हीच चूक रंगपेन्सिलीने होते. धमनी म्हटलं की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. फुप्फुस धमनी निळीच रंगवा. आणि निळा हा आकृतीपुरता संकेत आहे बरं का. शिरेतलं रक्त गडद लाल असतं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेली रक्ताची नळी पाहिली असेलच.

'शिरांना झडपा असतात' एवढं लिहून थांबणारेही खूप. कारण लिहा: शिरांमध्ये दाब कमी असतो. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर सरकतं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. हृदयाला थेट मिळणाऱ्या महाशिरांमध्ये मात्र झडपा नसतात, म्हणून 'सर्व शिरांना' लिहू नका. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली दाखवलेला प्रयोग घरी करता येतो. हात खाली सोडा, फुगलेली शीर एका बोटाने दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त सारा. दुसरं बोट उचललं, तरी वरचं रक्त झडपेपाशीच अडतं आणि मधला भाग रिकामा राहतो. पहिलं बोट काढताच शीर खालून भरते.

'शिरेची भित्ती पातळ, म्हणजे एकच थर' हेही चूक. थर दोघींना तीनच. धमनीचा मधला, स्नायूंचा थर जाड असतो. पेशींचा एकच थर असतो तो केशवाहिन्यांना, म्हणजे धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या अतिबारीक वाहिन्यांना.

बहुपर्यायी प्रश्नातला खरा सापळा वेगाचा. नळीचं तोंड दाबलं की पाणी जोरात उडतं, त्यामुळे अरुंद केशवाहिनीत रक्त वेगाने धावत असणार असं वाटतं. उलट तिथेच ते सर्वांत मंद असतं. एक केशवाहिनी बारीक खरी, पण रक्त एकाच वेळी असंख्य केशवाहिन्यांत वाटलं जातं आणि त्या सगळ्यांचं मिळून छेदक्षेत्र महाधमनीच्या शेकडो पट भरतं. या मंदपणामुळेच ऑक्सिजनची देवाणघेवाण करायला वेळ मिळतो. दाब सर्वांत जास्त उतरतो तो मात्र त्याआधी, सूक्ष्म धमन्यांमध्ये.

राहिला 'रक्तवाहिन्यांची लांबी एक लाख किलोमीटर' हा लाडका आकडा. तो डॅनिश शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्या जुन्या अंदाजावरून आला, आणि त्यात माणसाच्या अंगावर ५० किलो स्नायू धरले होते, म्हणजे सामान्य माणसापेक्षा बरेच जास्त. उत्तरात घालू नका.