जीभ चिकटलेली, बाळ नीट पीत नाही? आधी हे पाहा

बाळ रडतं तेव्हा जिभेकडे बघा. टोक मधोमध ओढलं जाऊन पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं का? धुतलेलं बोट जिभेखालून हलकेच आडवं फिरवा. मध्ये ताठ तार, म्हणजे जीभ तळाशी बांधणारी पातळ पट्टी अडली, तर डॉक्टरांना दाखवा. मात्र नुसती तार दिसली म्हणून कापायची नसते. बाळ नीट पितं का, ते महत्त्वाचं.

नीट पीत नसल्याच्या खुणा: पिताना चक्‌चक् आवाज, सारखी सुटणारी पकड, तासभर पिऊनही भूक, आणि आईचं स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं. जीभ खालच्या हिरडीवरून पुढे येत नाही, म्हणून हिरडीच चावते.

आधी पकड सुधारा. बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर. जांभईएवढं तोंड उघडलं, की हनुवटी आधी टेकवून जवळ घ्या. दुखलं तर ओढू नका, ओठाच्या कडेने बोट घालून पकड सोडवा.

पाचव्या दिवसापासून 24 तासांत किमान 6 लंगोट ओले हवेत. दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यायला हवं. लंगोट कमी भरत असतील किंवा बाळ सुस्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोवर काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजा.

तार कापायला काही सेकंद लागतात. रक्त थोडंच येतं. रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के बाळाला दिलंय ना, हे आधी विचारा. कापल्यावर लगेच अंगावर पाजा. नंतर जिभेखाली पांढरा चट्टा दिसतो, तो सहसा पू नसतो.

नखाने तार तोडणं, मध चोळणं हे आजीने सांगितलं तरी नाही.