शेळीला दगडी झाली तर पहिल्या दिवशी काय करायचं

दगडी म्हणजे जंतूंमुळे कासेला येणारी सूज. ती झालेली शेळी ओळखायला आधी कासेला हात लावावा लागत नाही. शेळी मागचा एक पाय फाकवून लंगडत चालते. करडू लुचायला गेलं की लाथ झाडते, नाहीतर सरळ पुढे निघून जाते. पशुसखी म्हणून, म्हणजे गावातल्या जनावरांच्या आजारपणात मदत करणारी बाई म्हणून, मी अकोले-संगमनेरकडच्या वाड्यांवर फिरते तेव्हा बाया हाक मारतात, "ताई, हिच्या पायात काटा गेलाय, बघा ना." मी पायाकडे नंतर बघते, आधी कास बघते.

शेळीच्या कासेला दोन सड आणि आत दोन वेगळे कप्पे. एका बाजूचं दूध दुसऱ्या बाजूला जात नाही. म्हणून तपासताना दोन्ही हातांनी दोन्ही बाजू एकदम धरायच्या. एक बाजू गरम, कडक आणि दुसरी मऊ लागली की समजायचं. मग दुखऱ्या बाजूच्या पहिल्या दोन-तीन धारा जुन्या काळ्या तव्यावर काढायच्या. पांढऱ्या भांड्यात बारीक गाठी दिसत नाहीत, काळ्यावर लगेच दिसतात. फुटलेल्या दुधासारखे कण, पिवळसर पाणी, रक्ताची छटा, यातलं काहीही दिसलं तरी ते दूध घरात न्यायचं नाही. पहिलटकरणीची कास व्याल्यावर ताठर होते, पण चीक स्वच्छ असेल आणि शेळी चरत असेल तर ती सूज बहुधा आपोआप उतरते. तरी लक्ष ठेवायचं.

ताप सकाळच्या गारव्यात घ्या, दुपारी उन्हात फिरून आलेल्या शेळीचा नको. थर्मामीटरला दोरा बांधून गुदद्वारात मिनिटभर धरा. १०२ ते १०३ फॅरेनहाइट हे शेळीचं नेहमीचंच, १०४ च्या वर गेलं की ताप समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कास गरम असेल तर हातात थोडा वेळ असतो. कास थंडगार पडली, निळी-जांभळी दिसायला लागली आणि सडातून लालसर पाणी यायला लागलं, तर रात्र असो की बाजाराचा दिवस, डॉक्टरांना त्याच घटकेला बोलवा. ही कास सडायला लागलेली असते आणि विष अंगात भिनून शेळी दीड-दोन दिवसांत जाऊ शकते. इथे कास वाचवायचा विचार सोडून शेळी वाचवायची. वाचली तर तो भाग पुढे काळा पडून गळून जातो. जखम भरेपर्यंत माशा बसू द्यायच्या नाहीत, नाहीतर अळ्या पडतात.

साध्या दगडीत औषधाच्या आधी नमुना घ्यायचा. हे बहुतेक जण विसरतात आणि तिसऱ्या इंजेक्शनालाही गुण आला नाही की मग आठवण होते. हात साबणाने धुवा. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्या. पहिल्या धारा टाकून द्या आणि दवाखान्यातून आणलेली निर्जंतुक बाटली आडवी धरून तिच्यात थोडं दूध घ्या, म्हणजे वरून केस-माती पडत नाही. बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवा. कोणतं औषध लागू पडेल ते तिथे कळतं.

नमुना झाला की कास रिकामी करायची. घाणेरडं दूध आत असताना वर कितीही औषध ओता, उपयोग थोडा. दिवसा तीन-चार तासांनी, शेळीला त्रास न देता, मऊ हाताने पिळून काढायचं. दूध उतरत नसेल तर त्यासाठीचं इंजेक्शन डॉक्टरच देतील. पिळलेलं दूध गोठ्यात सांडू नका. डब्यात धरून लांब खड्ड्यात चुना टाकून पुरा.

सडात सोडायची औषधाची ट्यूब डॉक्टरांनी सांगितली तर ती अशी सोडा. कास पूर्ण रिकामी हवी. सडाचं टोक स्पिरिटने पुन्हा पुसायचं, बोळा काळा निघाला तर दुसरा घ्यायचा. ट्यूबचं टोक उघडल्यावर त्याला कशाचाही हात लागू द्यायचा नाही. शेळीचं छिद्र बारीक असतं, म्हणून टोक सगळं आत खुपसू नका, जेमतेम आत गेलं तरी पुरतं. हळूहळू दाबा, मग सड खालून धरून वरच्या दिशेने चोळा. एक ट्यूब एकाच सडाला. अर्धी इकडे, अर्धी तिकडे करणारे पैसे वाचवत नाहीत, एका बाजूचा रोग दुसऱ्या बाजूला पोहोचवतात.

ताप असेल तर इंजेक्शनही लागतं, ते वजनाप्रमाणे डॉक्टर ठरवतात. दुकानदाराला विचारून गाईचं उरलेलं औषध टोचू नका. दुसऱ्या दिवशी दूध स्वच्छ दिसलं म्हणून डोसही बंद करू नका.

औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, हे डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहा. बाजारातल्या बऱ्याच ट्यूबवरचे दिवस गाईचे असतात, ते शेळीला लागू होतातच असं नाही. उकळलं म्हणून दुधातलं औषध जात नाही. अशा शेळीच्या गळ्यात मी लाल चिंधी बांधायला लावते, म्हणजे घरात दुसऱ्या कुणी धार काढली तरी ते दूध चहात जात नाही. करडांना दुसऱ्या शेळीवर लावा नाहीतर बाटलीने पाजा.

कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानेही सांगितलेला आहे. जनावराला दिवसाला कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. हे गाई-म्हशीचं माप आहे, शेळीला मी पाव भाग घेते. कास धुऊन पातळ लेप दिवसातून पुन्हा पुन्हा लावायचा. सुरुवातीच्या सुजेवर मला त्याचा उपयोग दिसतो. पण काळी पडलेली कास घेऊन लेप वाटत बसणाऱ्याला मी रागावतेच.

डॉक्टर कधी दुधाची सीएमटी चाचणी करतात, म्हणजे दुधात एक द्रावण मिसळून ते किती घट्ट होतं ते बघतात; पेशी जास्त तेवढं दूध घट्ट. शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचं दूध थोडं घट्ट झालं तर घाबरू नका. एक बाजू जेलीसारखी झाली आणि दुसरी पातळच राहिली, तर संशय धरा.

कळपात हे पसरू नये म्हणून निरोगी शेळ्यांची धार आधी, आजारी शेवटी. धार झाली की सड पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवायचे आणि लगेच पुढ्यात चारा टाकायचा. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो, तोवर शेळी खाली बसता कामा नये. करडांच्या ओठांवर माव्याच्या (तोंडाला फोड येणाऱ्या रोगाच्या) खपल्या असतील तर आईचे सड रोज बघा, तिथल्या जखमेतूनच दगडी शिरते.

बरी झाल्यावरही एखाद्या बाजूत गाठ राहिली तर आटवताना, म्हणजे धार बंद करताना, डॉक्टरांना त्या वेळी सडात सोडायची आटवणीची ट्यूब विचारा. पुढच्या वेताला करडू लावायच्या आधी त्या बाजूची पहिली धार तव्यावर काढा. दूध नसेल किंवा खराब असेल तर जुळ्यांपैकी एकाची वरच्या दुधाची सोय त्याच दिवशी करा.