स्तनाच्या ऑपरेशनला जाताना घर कसं लावून जावं, आणि परतल्यावर हात कसा सांभाळावा

माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईत झालं. अडीच-तीन तासांचं काम, तेही मी भुलीत असताना. त्यानंतरचा दीड महिना मात्र कुडाळजवळच्या आमच्या घरात जागेपणी काढायचा होता. निघताना मी बॅग भरली, फाइल भरली, देवासमोर नारळ ठेवला. घराकडे काही लक्ष दिलं नाही. परत आले तर चहाची बरणी वरच्या फळीवर, पाणी विहिरीत, आणि डावा हात खांद्याच्या वर जाईना. म्हणून ऑपरेशनआधी घराचं सांगते.

माझा स्तन पूर्ण काढला आणि काखेतल्या गाठीही काढल्या (या गाठी प्रत्येकाच्या काखेत असतातच; आजाराची गाठ वेगळी). तुमचं ऑपरेशन याहून लहान असेल तर यातल्या काही गोष्टी लागणार नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

निघण्याआधी आठ दिवस: सगळं कमरेच्या उंचीवर आणा

स्वयंपाकघरात उभ्या राहा आणि ज्या बाजूचं ऑपरेशन आहे तो हात खिशात घाला. आता एकट्याने चहा करून बघा. जे जे अडेल ते खाली उतरवा किंवा दुसऱ्या बाजूला घ्या. चहा-साखर, रोजच्या गोळ्या, टॉवेल, कंगवा, मोबाइलचा चार्जर. घट्ट झाकणांचे डबे सैल झाकणांच्या डब्यांत रिकामे करा.

पाण्याची सोय सगळ्यात आधी. दहा लिटरची कळशी म्हणजे दहा किलो पाणी, कळशीचं वजन वेगळं. पहिले काही आठवडे त्या हाताने भरलेल्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नसतं. रहाट ओढणं तर नाहीच. कोण पाणी भरणार हे नाव घेऊन ठरवा. 'होईल काहीतरी' म्हटलं की तिसऱ्या दिवशी आपणच कळशी उचलतो.

जमिनीवर झोपायची सवय असेल तर खाट मागून आणा. हातावर भार न देता जमिनीवरून उठता येत नाही, हे तोवर लक्षातच आलेलं नसतं. पुढून उघडणारे दोन-तीन सैल गाऊन किंवा नवऱ्याचे जुने शर्ट काढून ठेवा. डोक्यातून घालायचे कपडे महिनाभर कपाटातच राहू देत.

आणखी एक काम शिंप्याच्या टेपने करायचं. दोन्ही हातांची मापं घ्या: मनगट, कोपराखाली चार बोटं, कोपरावर चार बोटं. तारीख घालून वहीत लिहा. पुढे हाताला सूज आली की नाही याचा वाद याच मापांवर मिटतो.

डॉक्टरांना काय विचारायचं

पहिला प्रश्न: फक्त गाठ काढणार की पूर्ण स्तन? गाठ लवकर सापडली असेल तर बऱ्याच जणींचा स्तन वाचवता येतो, मात्र त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन, बहुधा घ्यावाच लागतो. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबर्टो वेरोनेसी या डॉक्टरांनी अशा बायकांवर 20 वर्षं लक्ष ठेवलं. 2002 मध्ये दोघांचे निष्कर्ष छापून आले: स्तन वाचवून शेक घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. 'सगळं काढलं म्हणजे भीती गेली' असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. ते तितकं खरं नाही.

पण कोकणातल्या बाईचा हिशोब निराळा असतो. शेक साधारण तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. तेवढे दिवस राहायचं कुठे? या एका प्रश्नापायी पूर्ण स्तन काढून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हा निर्णय चुकीचा असं मी म्हणणार नाही, पण आधी एवढं विचारा: पूर्ण काढल्यावरही मला शेक लागेल का? काही जणींना लागतो. मग मुक्काम टळतही नाही आणि स्तनही जातो.

दुसरा प्रश्न काखेचा: एक-दोन गाठी तपासायला काढणार की सगळ्या? पुढची हाताची काळजी या उत्तरावर ठरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखर, दमा, आणि वैद्याचा काढा चालू असेल तर तोही न लाजता सांगा.

कागद, तिकीट, मुक्काम

परळचं टाटा रुग्णालय 1941 पासून आहे आणि तिथे जायचं हे आपल्याकडे जणू ठरलेलंच असतं. पण चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातही कॅन्सरवर उपचार होतात. रत्नागिरीकडच्या बाईने तिथे एकदा विचारून बघायला हरकत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात मदतीला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा, पैसे भरल्यावर नव्हे.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाने सही-शिक्का मारून दिलेला फॉर्म लागतो. तिकीट स्टेशनच्या खिडकीवर काढा.

ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, निघेपर्यंत मुंबईत राहता आलं तर उत्तम. लालबाग-परळात पूर्वी प्रत्येक गावाची खोली असायची; आता नातेवाईक दिवा, डोंबिवली, विरारला गेले. तरी कुणीतरी असतंच. लोकलने जायचं नाही एवढं मात्र पक्कं करा. गर्दीत ड्रेनच्या नळीला हिसका बसणं परवडत नाही.

ऑपरेशनचा दिवस

रात्री बारानंतर काही खायचं नाही. पाण्याचं डॉक्टर सांगतील तसं. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र घरीच ठेवा. शुद्धीवर आल्यावर घसा दुखतो, तो श्वासाच्या नळीमुळे. काखेतली गाठ शोधायला निळा रंग टोचला असेल तर लघवी हिरवी-निळी होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी घाबरून नर्सला हाक मारली.

ड्रेन: पहिले पंधरा दिवस याचेच

जखमेतलं पाणी बाहेर यावं म्हणून एक किंवा दोन नळ्या बसवतात आणि त्यांच्या टोकाला दाबून बंद केलेली प्लास्टिकची डबी असते. डबी फुलायला बघते आणि त्या ओढीने पाणी बाहेर येतं. म्हणजे डबी दाबलेली राहिली तरच ती काम करते. रिकामी केल्यावर हवा घालवून, दाबलेली असतानाच बूच लावायचं. आमच्या घरी पहिल्याच दिवशी बूच आधी लावलं आणि मग डबी दाबत बसलो.

रोज एकाच वेळी, साबणाने हात धुऊन रिकामी करा. मापाच्या भांड्यात किती मिली आलं ते वहीत लिहा. दोन ड्रेन असतील तर दोन रकाने. चोवीस तासांत साधारण 30 मिलीच्या खाली येऊ लागलं, आणि तेही सलग दोन दिवस, की बहुतेक डॉक्टर नळी काढतात. कुणाची आठवड्यात निघते, माझी तेराव्या दिवशी निघाली. आकडा वाटेत एखाद्या दिवशी वाढतो. माझा वाढला त्या दिवशी मी हात वर करून वेणी घातली होती.

रंगाचं आपल्या भाषेत सांगते. पहिल्या दिवशी आगळासारखा लाल, मग कोकम सरबतासारखा, मग पातळ होत तिळाच्या तेलासारखा पिवळसर. हा क्रम बरोबर. मधेच पुन्हा लालभडक होऊन डबी भराभर भरू लागली, पाणी सोलकढीसारखं गढूळ झालं, वास आला, किंवा 101 च्या आसपास ताप चढला, तर सकाळची वाट न बघता फोन करा.

डबी हातात धरून फिरू नका. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी शिवून गळ्यात अडकवायला दिली. रुग्णालयाबाहेर विकत मिळत होती त्या पिशवीपेक्षा ती कितीतरी मऊ.

नळी निघाल्यावरही काखेत किंवा छातीवर पाणी साचून फुगा येऊ शकतो. डॉक्टर सुईने काढतात. जागा बधिर असते, फारसं दुखत नाही.

हात: हलवायचा, पण बेताने

घरी आल्यावर सगळे एकच म्हणत होते, "हात हलवू नको गो, टाके तुटतले." हे मायेचं बोलणं ऐकलंत तर खांदा धरतो. डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडा-मिटा, कोपर वाका, त्याच हाताने जेवा. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेच्या वर न्यायचा नाही, एवढंच बंधन.

ड्रेन निघाल्यावर भिंतीचा व्यायाम. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. ताण जाणवला की थांबायचं, तिथे पेन्सिलने खूण करायची. दिवसातून तीनदा, पाच-दहा वेळा. आमच्या माजघराच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत. पहिली हनुवटीच्या उंचीची, शेवटची दाराच्या चौकटीला लागलेली. मध्ये सात आठवडे गेले. पुढच्या गणपतीला भिंत रंगवायची म्हणून घरचे मागे लागले आहेत.

काखेतून कोपरापर्यंत तार ओढल्यासारखं वाटलं, कातडीखाली दोरी दिसली, तर घाबरू नका आणि व्यायाम बंदही करू नका. फिजिओथेरपिस्टला दाखवा. दंडाच्या आतली बाजू बधिर राहते, कारण काखेतून जाणारी नस त्या गडबडीत सापडते. माझी अजून थोडी आहेच.

काखेतल्या गाठी काढल्या की हातातला लसिका नावाचा द्रव परत जायच्या वाटा कमी होतात. त्या हाताला जंतू लागले की सूज येते, आणि ही सूज वर्षांनंतरही येऊ शकते. शहरातल्या पत्रकात मांजराचं ओरखडणं, बागकामाचे काटे असं लिहिलेलं असतं. आपली यादी वेगळी. विळीवर नारळ खवताना, शिंगाळ्या माशाचा काटा लागून, गवत कापताना कोयत्याने, आणि काजूच्या चिकाने. माझं काजूनेच झालं. नऊ महिन्यांनी, सगळं विसरल्यावर, ओले काजू सोलायला बसले. चीक मनगटाला लागला, कातडी जळून सोलली, चौथ्या दिवशी हात लाल, गरम आणि कोपरापर्यंत फुगलेला. अँटिबायोटिक घेऊन उतरला, पण डाव्या हाताचं माप तेव्हापासून एक सेंटीमीटर जास्तच आहे. रबरी हातमोजे सत्तर-ऐंशी रुपयांना मिळतात.

लागलंच तर साबण-पाण्याने धुवा, मलम लावा, दोन दिवस बघा. दोन हातांत दोन सेंटीमीटरचा फरक दिसला, अंगठी किंवा बांगडी अचानक घट्ट झाली, तर डॉक्टरांकडे जा. रक्तदाब आणि सुई दुसऱ्या हाताला घ्यायला सांगा. हल्ली काही डॉक्टर म्हणतात की याने एवढं काही होत नाही. असेल, पण दुसरा हात मोकळा असताना हाच का द्यायचा?

जखम, घाम, पाऊस

टाके निघेपर्यंत कमरेखाली अंघोळ आणि वर ओला पंचा. आपल्याकडच्या दमट हवेत काख कधी सुकतच नाही, म्हणून मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही, आणि पंख्याखाली दहा मिनिटं बसायचं. पावडर, हळद, खोबरेल, कुणी आणून दिलेला पाला, यातलं काही जखमेवर नको. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. ओलसर गाऊन घालण्यापेक्षा इस्त्री फिरवून घाला.

खाण्याचं विचाराल तर शेजारणीने "मासे खाव नको, जखम पिकतली" असं बजावलं होतं. डॉक्टर म्हणाले, जखम भरायला प्रथिनंच लागतात, खा. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी, आणि मुडदुशे मिळाले की त्यांचं तिखलं. बाळंतिणीला चालतात ते मला का चालू नयेत?

आरसा आणि ब्लाउज

जखम कधी बघायची ते तुम्ही ठरवा. मी ड्रेसिंगच्या वेळी नर्ससोबत बघितली. घरी एकटीने पहिल्यांदा बघण्यापेक्षा ते बरं झालं. नवऱ्याला दाखवायला मला दोन महिने लागले आणि त्याने तोवर विचारलं नाही.

जखम भरेपर्यंत ब्लाउजच्या आत कापसाचा किंवा विणलेला हलका गोळा ठेवा. सिलिकॉनचा जड स्तन नंतर, डॉक्टरांना विचारून. घरी शिवताना कुणी मोहरी किंवा तांदूळ भरायला सांगेल. भरू नका, आपल्या हवेत दोन महिन्यांत किडे होतात. शिंप्याला फक्त ब्लाउजच्या आत खिसा लावून मागा. कारण सांगायची गरज नाही, आमच्या शिंप्याने विचारलंही नाही.

रिपोर्ट आणि पुढच्या तारखा

काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला आठ-पंधरा दिवस लागतात. त्यात गाठीचं माप, काखेतल्या किती गाठींत आजार होता, आणि गाठ कुठल्या जातीची हे सांगणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या तीन तपासण्या असतात. केमो, शेक, गोळ्या यांतलं काय लागणार हे त्यावरून ठरतं. रिपोर्टचा फोटो काढून मुलाच्या मोबाइलमध्येही ठेवा, आणि फाइल प्लास्टिकच्या पिशवीत.

मग तपासणी सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा. तारीख घेताना कॅलेंडर सोबत न्या. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. मी आता रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभी राहून सांगते, भाद्रपदातली तारीख नको, श्रावणातली द्या.